अंगावर काढलेलं

"मावशी, पाय सैल सोडा. अंग बाहेर येतंय ते कधीपासून?"

तिनं छताकडे पाहिलं. "धाकटीच्या बाळंतपणापासून."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. पडद्यापलीकडे धाकटी स्वतःचं पोर कडेवर घेऊन उभी होती. "आई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

हॉटेलच्या लाँड्रीत आईचा जन्म गेला होता. ओल्या चादरी उचलताना खाली ओढ लागायची, काहीतरी निसटल्यासारखं व्हायचं. मग ती मोरीत जाऊन बोटांनी सगळं आत सारायची आणि पुन्हा कामाला लागायची. शिंकलं, हसलं की कपडे ओले होत, म्हणून हसणंसुद्धा तिनं बेतानंच ठेवलं. 'बायकांचं असंच असतं,' असं सासू म्हणाली होती. तिनं ते अंगावर काढलं.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा कमरेच्या हाडांचा सांगाडा पुढे ओढला. "हे हाडांचं कडं. त्याच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. गर्भाशय, लघवीची पिशवी, सगळं तिनं तोललेलं. बाळंतपणात ती सैल पडली, वर तुम्ही ओझी उचलत राहिलात. ऑपरेशन करू, बरं वाटेल."

"तेव्हाच आले असते तर?"

"तेव्हाही बरं झालं असतं, मावशी."

घरी नवरा बाहेरच्या खोलीत कॉटवर पेपर वाचत होता. धाकटी झाल्यावर तिनं त्याला जवळ येऊ दिलं नव्हतं. कधी डोकं दुखायचं, कधी पोर जागं होईल म्हणायचं. शेवटी त्यानं मुकाट्यानं आपली उशी बाहेर नेली. भांडण नाही, तंटा नाही. लोक म्हणत, किती गुण्यागोविंदानं राहतात!

"अहो, माझं ऑपरेशन आहे," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघत तिनं सगळं सांगून टाकलं.

त्यानं चष्मा काढला. "म्हणजे तेव्हा... हे होतं?"

"लाज वाटायची. तुम्हाला किळस आली असती."

"आणि मला वाटायचं, तुलाच माझी शिसारी येते. गॅरेजातलं ग्रीस, ऑइल... घरी आलो की हात घासत बसायचो. कातडं सोलवटायचं."

"साबण फार संपतो म्हणून मी कटकट करायचे."

"हो. करायचीस."

ती त्याच्याजवळ टेकली. त्याचा हात उचलून तिनं नाकाशी धरला. गॅरेज सुटून किती काळ लोटला होता. म्हाताऱ्या, स्वच्छ तळव्याला कसलाच वास नव्हता. तरी ती बराच वेळ तो हुंगत राहिली.