चार नंबरची खोली

टेम्पोतून उतरवलेला डॉल्फिन चार हमालांनी उचलून गोदामात आणला आणि थेट दोन नंबरच्या खोलीच्या भिंतीतून आत नेला.

“तिथे भिंत आहे,” नेत्रा म्हणाली.

हमाल थबकले. त्यांच्या चपलांखाली चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ फिसकटली होती.

“किधर रखने का, मॅडम?”

“बाहेर.”

“आत, आत. पलंगाच्या डोक्यावर,” मागून केसरीनाथ शेठ म्हणाले.

डॉल्फिन फायबरचा होता. माणसाहून लांब, पेट्रोल पंपाच्या पाटीसारखा निळा, आणि तोंड उघडून हसणारा. नेत्राने हातातल्या टेपची पट्टी हातभर बाहेर ओढली आणि सोडून दिली. ती सटकन आत गेली. बोलायचं नसलं की ती असं करायची, आणि आज सकाळपासून तिचं तेच चाललं होतं.

शेठचं गेस्ट हाऊस केळव्याच्या पुढे, सुरूच्या बनाला लागून उभं राहत होतं. विटकाम झालं होतं. आतलं सगळं नेत्राने करायचं होतं. नेत्रा पडघ्याची. तिचे वडील राघो अजून स्वतः चिखलात उतरून भात लावत. तिने ठाण्याला इंटिरियरचं शिक्षण घेतलं आणि भिवंडीत ऑफिस थाटलं, पण कामं मिळाली ती गोदामांपुढच्या काचेच्या केबिनी आणि बंगल्यांतली टीव्ही युनिटं. समुद्रावरचं काम पहिलंच. तिने जीव ओतून नकाशे काढले. शेठनी ते उभे धरून पाहिले, आडवे धरून पाहिले आणि म्हणाले, “मना कागदावर काय कलत न्हाय.”

म्हणून भिवंडीजवळच्या शेलार गावातलं शेठचं एक रिकामं गोदाम उघडण्यात आलं, आणि नेत्राने गुडघे टेकून, दोरी ताणून, अख्खं गेस्ट हाऊस खऱ्या मापात जमिनीवर आखलं. भिंती, दारं, खिडक्या, पलंगसुद्धा. चालून बघा म्हणाली. ते चालून बघत होते, फक्त दारांतून कुणी जात नव्हतं.

“शेठ, समुद्र समोर आहे. खिडकीत,” ती म्हणाली. “तो परत भिंतीवर कशाला?”

“लोकांना कलाया नको, दर्यावर आलाव ते?”

“खिडकी उघडली की कळेल.”

“आनी रातचे आले तर?”

शेठचा मुलगा प्रितम मोबाईल घेऊन पुढे आला. आठवडाभरापूर्वी त्याला सगळं पांढरंशुभ्र आणि वर निळे घुमट हवे होते. त्याआधी बांबू.

“मॅडम, बेसिन बघा. शिंपल्याच्या आकाराचं. सेम असंच पाहिजे. आणि रिसेप्शनला बोटीचं चाक. लोक फोटो काढतील.”

“प्रितम, मागच्या वेळी आपलं ठरलं होतं. वाळूच्या रंगाचा चुन्याचा गिलावा, काथ्याच्या चटया, इथल्याच लूमवरचं जाड कापड निळीत रंगवून पडदे.”

“ते मस्तच आहे. पण त्यात समुद्र कुठेय?”

टेपची पट्टी पुन्हा बाहेर आली आणि पुन्हा आत गेली.

या दोघांचं निदान समजण्यासारखं होतं. त्यांना जे हवं ते मोठं, निळं आणि बाजारात मिळणारं होतं. नेत्राला खरा वीट आणला होता तो शेठच्या बायकोने. हौसाकाकी कोपऱ्यातल्या चार नंबरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बाकीच्या खोल्यांत डॉल्फिन लागो की मगर, त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. चार नंबरच्या बाबतीत मात्र त्या मागे हटत नव्हत्या.

ती सगळ्यांत चांगली खोली होती. टोकाची, थेट पाण्याकडे तोंड असलेली. नेत्राने ती नव्या जोडप्यांसाठी योजली होती. रुंद पलंग, छताला टांगलेला वेताचा झोपाळा, एका भिंतीवर बारीक शंखांची नक्षी. काकींनी एकेका भेटीत एकेक गोष्ट काढून टाकायला लावली. झोपाळा नको, डोकं आपटतं. शंख नकोत, धूळ कोण पुसणार? टीव्ही नको. मग खिडकी खाली घ्यायला सांगितली, इतकी खाली की गवंड्याने नेत्राला फोन करून दोनदा खात्री करून घेतली. मग भिंतीत देवाचा कोनाडा. मग मागच्या दाराबाहेर चुलीसाठी ओटा. दाराला आतून दोन कड्या. प्रत्येक वेळी नेत्राने समजावलं, प्रत्येक वेळी काकींनी ऐकून घेतलं, आणि शेवटी “तरी बी ठेव” म्हणाल्या. पैसे शेठचे, घर शेठचं. नेत्रा दात आवळून नवा नकाशा काढत राहिली.

आज त्यांचं लक्ष पलंगावर गेलं.

“खाट मोठी हाय,” त्या म्हणाल्या. “एका मानसाची कर.”

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्नचा गदारोळ उठला. कुणाच्या तरी ट्रेलरने रस्ता अडवला होता आणि शेठचा ड्रायव्हर हिंदीत त्याचा उद्धार करत होता. शेठ आणि प्रितम तिकडे धावले. हमालही गंमत बघायला गेले. गोदामात दोघीच उरल्या.

नेत्राने पायाने पलंगाची अर्धी रेघ पुसली, फक्कीने एका माणसापुरती पुन्हा ओढली आणि डबा खाली ठेवला.

“काकी, ही आपली सगळ्यांत चांगली खोली. इथे जोडपी येणार. एका माणसाची खाट टाकून कसं चालेल?”

“चालंल.”

“खिडकी एवढी खाली आणली. लहान मुलं चढतील, पडतील.”

“हितं पोरं न्हाय येनार.”

“मग कोण येणार?” नेत्राचा आवाज चढला, पत्र्यांवर आपटून परत आला. तिने तो जरा खाली आणला. “रागावू नका काकी. पण हे गेस्ट हाऊस आहे, घर नाही. चूल, देवाचा कोनाडा, दोन दोन कड्या. दोन दिवस राहायला आलेल्या माणसाला हे लागतं का? मी किती वेळा बदलायचं?”

काकी खुर्चीवरून उठून रेघेबाहेर गेल्या. दाराच्या खुणेपाशी त्यांनी चपला काढल्या. मोकळ्या ठेवलेल्या जागेतून आत आल्या, पदर खोचला, आणि आखलेल्या अरुंद खाटेत जमिनीवर सरळ आडव्या झाल्या. कुशीवर वळून त्यांनी हात उशाला घेतला.

“हितून दर्या दिसंल?”

“दिसेल,” नेत्रा म्हणाली. “खिडकीची कड दीड फुटावर घेतलीय.”

“ओहोटीला?”

“ओहोटीला वाळू दिसेल. मागे पाण्याची रेघ.”

काकींनी मान हलवली. सिमेंट गार असावं. त्यांनी पाय पोटाशी घेतले. जोडव्यांनी बोटांना पडलेले वळ नेत्राला वरून दिसत होते. उभं राहून बोलणं तिला बरं वाटेना. ती खाली बसली.

“लगीन होऊन आले तवा घर भरलेलं व्हतं,” काकी समोरच्या पत्र्याकडे बघत म्हणाल्या. “सासू, दीर, नणंदा. मंग पोरं. मंग पोरांची पोरं. गोदामं झाली तसे डायवर जेवाया, हमाल जेवाया. एक रात मी एकटी निजले न्हाय, बाय. आपरेशन झाला तवा हास्पिटलात बी दोगी पायथ्याशी निजल्या.”

त्यात तक्रार नव्हती. आज भाजी काय केली ते सांगावं, तसं त्या सांगत होत्या.

खिडकी, कोनाडा, ओटा, कड्या. गेले काही महिने ती ज्यांच्यावर धुसफुसत होती त्या सगळ्या रेघा तिच्या भोवती होत्या. तिने विचारलं,

“शेठना माहीत आहे?”

“त्यांनी इचारलं न्हाय.”

बाहेरचा हॉर्न थांबला होता. शेठ रुमालाने मान पुसत आत आले, आणि बायको जमिनीवर आडवी दिसताच दोन खोल्या तुडवत धावले.

“अगो, काय झालं? चक्कर आली?”

“न्हाय. खाट बगते.”

“खाट?” त्यांनी श्वास घेतला. मग तिच्याभोवतीची रेघ पाहिली, नेत्राने मघाशी रागारागात पायाने अर्धी पुसून पुन्हा ओढलेली. “मॅडम, चुकली का काय ही? येवढ्यात नवरा-बायको कशी मावतील?”

नेत्राच्या हातातली टेपची पट्टी बाहेर आली आणि आत गेली.

“चुकली न्हाय,” काकी उठून बसल्या. केसांना लागलेला चुना त्यांनी झटकला. “माझी हाय ती. दसऱ्याला मी जानार हाय हितं ऱ्हायाला.”

“चार दीस?”

“न्हाय.”

शेठ हसले. मग हसणं थांबलं. एरवी हा माणूस रस्त्याच्या पलीकडून बोलला तरी गोदामात ऐकू यायचं. आता त्यांनी प्रितम कुठे आहे ते वळून पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

“मी काय केला?”

“काय न्हाय केला.”

“कुनी बोलला का? सून बोलली?”

“कुनी बोलला न्हाय. समदी चांगली हायत.”

“मंग घर?”

“घराला सून हाय. सैपाकाला बाई हाय. तुमी हाव.”

शेठ तिथेच उभे राहिले. मग ते खोलीभर हळूहळू फिरले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते एका खोलीत नीट फिरत होते. खिडकीच्या खुणेपाशी वाकून त्यांनी बाहेर पाहिलं, जिथे पत्र्याची भिंत होती आणि पलीकडे शेजारच्या गोदामाची भिंत. परत आले ते नेत्राजवळ थांबले.

“मॅडम,” ते म्हणाले, “या बाजूला दुसरी खाट मावंल का? बारकी. भिंतीला लावून.”

नेत्राने काकींकडे पाहिलं. काकी तिच्याकडे बघत नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, कुणी निकाल वाचून दाखवणार असल्यासारख्या.

मोजण्याची गरज नव्हती. खोली तिनेच आखली होती. तिथे दोन बारक्या खाटा पडून मध्ये माणूस सहज चालला असता. तरी ती उठली. भिंतीच्या रेघेपाशी गुडघे टेकून तिने टेपचं टोक ठेवलं आणि पट्टी खाटेपर्यंत ओढत नेली. शेठ तिच्या खांद्यावरून आकड्यांकडे बघत होते. इतकी वर्षं जमिनी मोजून घेतलेला माणूस. फूट आणि इंच त्यांना नकाशासारखे अनोळखी नव्हते.

“नाही शेठ,” नेत्रा म्हणाली. “नाही मावणार.”

पट्टी अजून जमिनीवर ताणलेली होती. शेठनी आकडा पाहिला. मग नेत्राकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“न्हाय मावनार,” ते सावकाश म्हणाले. “बरोबर हाय. अडचन होईल.”

बाहेरून प्रितमने हाक मारली, ट्रेलरवाला आत यायचं म्हणतोय.

“मंग मी आलो तर?” त्यांनी बायकोला विचारलं.

“या की,” काकी म्हणाल्या. “बाजूच्या खोलीत. गेस्ट हाऊसच हाय ना ते.”

शेठनी रुमालाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. प्रितमची दुसरी हाक आली. निघता निघता ते नेत्राकडे वळले.

“हितली खिडकी कवा बसनार?”

“पावसाळ्यानंतर धरलीय.”

“पावसाच्या आदी बसवा,” ते म्हणाले. “गवंड्याला मी सांगतो.”