हरणाला चमत्कार, बाईला दोष

प्राणिसंग्रहालयात पांढरं हरीण आलं आणि तिथल्या साहेबांच्या पायाला भिंगरी लागली. नवा फलक काय, फोटो काय, नुसती धामधूम. आणि या सगळ्यात त्यांनी आधी काय केलं असेल, तर कापसाला तिथून हलवलं.

कापूस म्हणजे पाहुण्यांना प्राण्यांची माहिती सांगणारी बाई. जन्मापासून केस, पापण्या, कातडी सगळं पांढरं, म्हणून कामगारांनी लाडानं ठेवलेलं नाव. तिचा त्या कामावर जीव होता. मुलं प्रश्न विचारून भंडावून सोडायची आणि हिला तेच हवं असायचं.

"लोक हरीण सोडून तुमच्याकडे बघतात," साहेब म्हणाले. "उद्यापासून वैरणीच्या कोठारात बसा."

"बघू देत की. हरणाच्या जनुकांत बदल झालाय, त्याला उत्परिवर्तन म्हणतात, असं मी सांगते. माझ्यातही तसाच एक झालाय, म्हटलं की लोकांना चटकन कळतं."

"अहो, ते हरीण म्हणजे निसर्गाचा चमत्कार. तुमच्यात दोष आहे. दोघांना एका माळेत ओवू नका."

कापसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वा रे न्याय. हरणात बदल झाला तर त्याच्यापुढे रांगा, बाईत झाला तर तिला कोठार.

"उत्परिवर्तन म्हणजे बदल, साहेब. चांगला की वाईट, हे त्या शब्दात नाही. ते तुम्ही वरून घालताय."

साहेबांनी फोन कानाला लावला. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी फाटकाशी एक आई आली. बोट धरून लहानगी मुलगी, मोठी टोपी घातलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली. तिच्या पापण्याही पांढऱ्या.

"पांढरं हरीण ना? उजवीकडे," साहेबांनी हसून हात दाखवला.

"हरीण नको. इथं माहिती सांगणाऱ्या बाई आहेत ना, त्यांना भेटायचंय. हिनं अजून स्वतःसारखं मोठं माणूस पाहिलं नाहीये."

फाटकावरच्या कामगारानं आपणहून कोठाराकडे हाक मारली. कापूस आली, अंगावर वैरणीचा भुसा. मुलगी तिच्याकडे बघतच राहिली.

"मावशी, माझ्यातही उत्परिवर्तन झालंय. ते वाईट असतं का?"

कापूस तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. हा प्रश्न आयुष्यभर तिनं स्वतःच झेलला होता. आज तिला तो एकटीनं झेलायचा नव्हता.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "पण मला इथून का काढलं, ते या साहेबांना विचार."

मुलीनं मान वर करून साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं.