पाठीवरचा बिब्बा

आणीबाणीच्या सालची गोष्ट. माझ्या पाठीवरच्या तिळाला खाज सुटली. काळूराम, माझा नवरा, जाऊन सात वर्षं झालेली, पोरबाळ न्हाय. काल्हेरच्या घरात मी एकटी. पाठ बघणार कोण? म्हटलं, आपला हात जगन्नाथ! दाभणाला बिब्बा टोचला, दिव्यावर तापवला, हात मागे नेला नि त्याच्या काळ्या तेलानं अंदाजानं डागलं. आई गं, नुसता आगीचा डोंब उसळला!

तरी खाज जाईना, म्हणून निजामपुऱ्याच्या दवाखान्यात गेले. तिथं दर गुरुवारी मुंबईहून कातडीची डॉक्टरीण यायची. माझ्या निम्म्या वयाची असंल. तिनं पाठीवर तेलाचा थेंब सोडला, वर काच दाबली नि भिंग लावून वाकली. तेलानं कातडीच्या आतलं दिसतं, चिरावं लागत न्हाय, असं बोलली. मग भिंग हलवून हलवून बघितलं.

"मावशी, काळं वेडंवाकडं पसरलंय. कॅन्सर असू शकतो. मुंबईला जाऊन तुकडा कापून तपासावा लागेल."

"अहो बाई, तो बिब्बा हाय!" मी लाजेनं मेले.

ती भडकली. "बिब्बा? मग भिंगातून मला दिसणार काय, कपाळ? कुणी लावला?"

"मीच."

"घरात दुसरं कुणी नाही?"

"असतं तर असा वाकडा लागला असता का?" मी पण काय कमी न्हाय.

ती नरमली. बोलली, "जळलेली कातडी निघेपर्यंत दर गुरुवारी या. खालचा तीळ दिसला की ठरवू."

कॅन्सरची भीती तर होतीच. पण खोटं कशाला बोलू, बुधवारपासूनच मी गुरुवारची वाट बघायचे. ती तेल लावायची, "दुखतं का?" विचारायची. सात वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता.

सातव्या गुरुवारी ती हसली. "खपली गेली. कडा नीट आहेत, रंग एकसारखा. साधा तीळ आहे, मावशी. आता यायची गरज नाही."

सुटले गं बाई! मी हात जोडले, चोळीची गाठ मारली. पण पाय काही निघेना.

"अजून काही त्रास?"

"न्हाय. पुढच्या गुरुवारी नुसतं बघाल का?"

तिनं बाहेरच्या रांगेकडे बघितलं नि पुढच्या पेशंटला हाक मारली.