काचेच्या बरण्यांतील ओल

नागपूरच्या धरमपेठेतील ऋषिकेश देशकर यांच्या बैठकीत, देवघरात देव असावेत तशा मानाने एका कपाटात काचेच्या बरण्या विराजमान होत्या. प्रत्येक बरणीच्या झाकणाला रबराचे कडे व तारेची घट्ट कडी होती, आणि आत पाइपात भरून ओढावयाचा विलायती तंबाखू वर्षानुवर्षे मुरत पडलेला होता. पाहुणे आले म्हणजे ऋषिकेश एखादी बरणी उघडून त्यांच्या नाकाशी धरीत व म्हणत, "यात बेताची ओल टिकली पाहिजे. ओल गेली की तंबाखू संपला, मग ते नुसतं गवत." हे वाक्य त्यांची पत्नी मिनल हिने शेकडो वेळा ऐकलेले होते. परंतु तिचे वडील रुपराव यांनी ते एकदाही ऐकले नव्हते. कारण पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसावे लागे.

रुपराव कुही गावचे. हिवाळ्यात त्यांची पत्नी पार्वतीबाई वारली, आणि चुलीपुढे कधीही न बसलेला तो मनुष्य दोन वेळच्या अन्नाला मोताद झाला. तेव्हा मिनलने त्यांना नागपूरला आणले. पहिल्याच जेवणाला जावई म्हणाले होते, "उन्हाळाभर राहा मामाजी, मग बघू." त्या 'मग बघू'ने म्हाताऱ्याच्या काळजात घर केले. कुहीच्या बंद घरात एकट्याने मरण्याचे भय त्यांना रात्रंदिवस पोखरू लागले. येथेच आपल्याला ठेवून घ्यावे, याहून अन्य इच्छा त्यांना उरली नव्हती. म्हणून ते कूलरमध्ये पाणी भरत, तुरीची डाळ निवडत, आणि आयुष्यभराचा तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांनी या घराच्या उंबऱ्याबाहेरच सोडून दिला होता.

मे महिन्यात ऋषिकेश कामानिमित्त हैदराबादला गेले असता, कपाट पुसताना रुपरावांना एका बरणीच्या काचेवर आतून दव धरलेले दिसले. कुहीत मिरची असो, मोहरी असो, कडक ऊन दाखविल्याशिवाय बरणीत काही जात नसे. ती बरणी उराशी धरून ते लेकीकडे गेले.

"मिनल, हे पाह्य वं. जवाईबापूच्या तंबाखूले ओल सुटून राहिली. बुरशी लागन."

मिनल मोबाइल पाहत होती. "मग?"

"गच्चीवर ऊन दाखवतो म्हणतो. त्याईले बरं वाटन."

मिनलने बरणीकडे पाहिले, मग वडिलांच्या मुखाकडे पाहिले. क्षणभर तिचा अंगठा मोबाइलवर थबकला.

"दाखवा ना बाबा. सगळ्याच बरण्यांना दाखवा. तुम्हाला समजते त्यातलं."

एवढ्या शब्दांनी म्हातारा हरखून गेला. त्यांनी आपले धुतलेले धोतर गच्चीवर अंथरले, चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि नागपूरच्या त्या भट्टीसारख्या उन्हात सगळा तंबाखू निगुतीने पसरला. एका बरणीचा दुसरीत मिसळू नये म्हणून मधून काठ्या आडव्या ठेवल्या. कावळे हाकलीत ते स्वतः टाकीच्या सावलीत बसून राहिले. संध्याकाळी पाने पापडासारखी कुरकुरीत झाली, तेव्हा ज्या बरणीतला त्याच बरणीत भरून, काचा पुसून, त्यांनी समाधानाने कड्या लावल्या.

ऋषिकेश परतले. स्नान करून त्यांनी एक बरणी उघडली, चिमूट घेतली. चिमटीत तिचा भुगा झाला. त्यांनी दुसरी उघडली, तिसरी उघडली. आवाज चढविणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"मामाजी, हे कोणी केलं?"

"म्याच केलं जवाईबापू! ओल धरली होती ना. आता पाच वर्सं पाहाचं काम नाही."

"घरात कोणाला विचारलं नाही?"

"मिनलले इचारूनच केलं."

मिनल हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. "मला कधी विचारलं बाबा? मी तर झोपले होते." मग पतीकडे वळून म्हणाली, "यांना आजकाल काही आठवत नाही हो. परवा गॅससुद्धा तसाच सुरू ठेवला होता."

गॅस तिने स्वतः सुरू ठेवला होता आणि रुपरावांनी तो बंद केला होता.

"बसा," ऋषिकेश अत्यंत सौजन्याने म्हणाले. त्यांनी पाइपात तो चुरा भरला. "एवढी मेहनत केली, चव तर पाहा."

"मी ओढत नाही जी."

"आज ओढा. मिनल, माचिस आण."

मिनलने माचिस आणली. वाळका तंबाखू भाताच्या तणसासारखा भडकला व तापलेला धूर रुपरावांच्या जिभेवर डाग दिल्यासारखा बसला. ते खोकून खोकून वाकले. ऋषिकेशनी मोबाइल समोर धरला.

"आमच्या पाइपवाल्या मित्रांना दाखवतो. कुहीहून खास तज्ज्ञ बोलावले म्हणून सांगतो. हं, आता ही बरणी. दहा वर्षांची आहे मामाजी, हळू ओढा, लग्नातल्या आहेरासारखी जपली होती."

मोबाइल टिंग टिंग वाजू लागला. मित्रांचे उत्तर वाचून ऋषिकेश हसले. "विचारून राहिले, बिर्याणीपण उन्हात वाळवता का?"

मिनलही हसली.

रुपराव ओढत राहिले. जिभेला फोड आले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तरीही त्यांच्या मनात एक आशा तग धरून होती. जो माणूस रागावूनही आपल्याला शेजारी बसवून घेतो, तो घालवून देणार नाही, असे त्यांना वाटत होते. शिक्षा भोगली म्हणजे गुन्हा फिटतो, हीच त्यांची समजूत होती. म्हणून शेवटच्या बरणीचा पाइप त्यांनी स्वतः हात पुढे करून मागून घेतला.

तो विझल्यावर ऋषिकेश म्हणाले, "झालं. उद्या सकाळी कुहीच्या बसमध्ये बसवून देतो तुम्हाला."

सकाळी मिनल वडिलांची पिशवी भरत होती. सदरे तिने अगदी नीट घडी करून ठेवले. ऋषिकेश खाली गाडी काढावयास गेले होते.

"तू म्हटलं होतं ना वं मले, ऊन दाखवा म्हणून?" सुजलेल्या जिभेने रुपरावांनी विचारले.

मिनलने पिशवीची चेन ओढली. "म्हटलं होतं."

"मंग काहून?"

"मी जा म्हटलं असतं तर साऱ्या कुहीनं मले नावं ठेवली असती. यांनी म्हटलं तर चालते." तिचा स्वर प्रथमच कापला. "मले नाही होत बाबा तुमचं. खरंच नाही होत."

पिशवी खांद्याला लावून म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुई माय बराबर म्हने. मरतानी तिनं माहा हात धरला. म्हने, काहीही होवो, मिनलच्या दारी नका जाऊ. ते पोरगी आपली नाही."

मिनलने दाराची चौकट धरली.

"आई असं म्हणाली?"

वास्तविक पार्वतीबाईने तसले काहीच म्हटले नव्हते. अखेरच्या रात्री ती बिचारी दाराकडे डोळे लावून "मिनल आली का, मिनल आली का" एवढेच विचारीत गेली होती. रुपरावांना त्यातील प्रत्येक शब्द स्वच्छ आठवत होता.

"बाबा, सांगा ना. आई खरंच असं म्हणाली?"

"हो," रुपराव म्हणाले, आणि कठडा धरून एक एक पायरी उतरू लागले. वरून लेक हाका मारीत राहिली. त्यांनी मान वर केली नाही.