वहिनीची बाधा आणि लाल झालेलं फडकं

वहिनी जिथे काम करते त्या धुलाईघराच्या इस्त्रीखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या टेबलावर माझ्या वहिनीला झोपवलं होतं आणि उशाशी महाराज उभे होते. त्यांनी तिच्या कपाळावर तीर्थ शिंपडलं, खांद्यावरचं पिवळं फडकं त्यावरून फिरवलं, आणि सगळ्यांच्या देखत ते लालभडक झालं. बायकांनी हात जोडले.

"साधा ताप असता तर फडकं पिवळंच राहिलं असतं," महाराज म्हणाले. "ही बाधा आहे, रक्त मागतेय. पण बांधून टाकली मी तिला. बघा, कशी शांत झाली."

मी दवाखान्यात रक्ताच्या काचपट्ट्या तपासते. दादाचा निरोप मिळाल्यावर तशीच धावत आले होते. वहिनीला तीन दिवस थंडी वाजून ताप येत होता, तरी ती कामावर जात होती. आज सकाळी कामावरच ती दादालाही ओळखेना, घोगऱ्या आवाजात बरळू लागली. मग हातपाय ताठ झाले, झटके आले. आईने घाबरून महाराजांना बोलावलं.

मी हाका मारल्या. तिच्या नखावर पेन जोरात दाबलं. तिने हातसुद्धा ओढला नाही.

"दादा, ही झोप नाही. बेशुद्ध आहे ती. आत्ताच्या आत्ता हलवायला हवं."

"उंबरठा ओलांडलात तर बाधा पुन्हा उठेल," महाराज म्हणाले. "मग मला बोल लावू नका."

"झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपला आपण थांबतो. तोवर तुम्ही मंत्र लांबवलेत, एवढंच."

आई डाफरली, "चार बुकं शिकलीस म्हणून मोठ्यांचा अपमान करशील?"

"करेन. वहिनी वाचली की माफी मागेन."

दादाने धुण्याची ढकलगाडी रिकामी केली आणि वहिनीला उचलून तीत ठेवलं.

दवाखान्यात तिची काचपट्टी मीच पाहिली. तांबड्या पेशींत मलेरियाचे जंतू खच्चून भरले होते. डॉक्टरांनी लगेच शिरेतून औषध सुरू केलं आणि मग आईला बाजूला बसवून सांगितलं, "जंतूंनी भरलेल्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात. शरीर त्यांच्याशी लढायला जातं आणि त्या लढाईत मेंदूलाच सूज येते. मग माणूस बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते."

"मग तो आवाज कुणाचा होता?" आईने विचारलं.

"तुमच्या सुनेचाच."

तिसऱ्या दिवशी वहिनीने डोळे उघडले आणि दादाला म्हणाली, "दाढी का नाही केली?" दादा तोंड फिरवून रडला. मी आईची माफी मागायला गेले, तर तिने माझे हात धरून ठेवले.

महिन्याने वहिनी कामावर गेली, तेव्हा महाराज पुन्हा तिथेच होते. चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईची मुलगी तापाने फणफणली होती.

"हिला विचारा," महाराजांनी वहिनीकडे बोट दाखवलं. "माझ्याच तीर्थाने उठली."

फडकं लाल झाल्याचं वहिनीने आमच्याकडून ऐकलं होतं. तिची पावलं अजून लटपटत होती. तरी ती पुढे गेली आणि तिने त्यांच्या खांद्यावरचं फडकं ओढून हुंगलं.

"हळद," ती म्हणाली. फडक्याचं एक टोक तिने नळाखाली धरलं. ते पिवळंच राहिलं. दुसरं साबणाच्या हौदात बुडवलं. ते लाल झालं. "चादरीवरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे आपण रोज बघतो. चुन्याच्या निवळीनेही होतो. महाराज, ते तीर्थ जरा चाखून दाखवा."

महाराजांनी तांब्या मागे घेतला. "बाधा अजून बोलतेय तिच्यात."

"बोलतेय ना. आणि या मुलीला दवाखान्यात घेऊन चाललीये."

घड्या घालणारी बाई लेकीला कडेवर घेऊन तिच्यामागे निघाली.

मुलीलाही मलेरियाच निघाला. पण वेळेत कळला, म्हणून ती गोळ्यांवर बरी झाली. म्हणून सांगते, तापात माणूस बरळू लागला, झटके आले, उठवून उठेना झाला, तर एक क्षणही घालवू नका. त्याला दवाखान्यात न्या, रक्त तपासा. वाटेत कुणी तीर्थ घेऊन आडवा आला, तर त्यात काय आहे ते विचारा. विचारल्याने कोप होत नाही. न विचारल्याने माणूस जातो.