उसनी धग

सन १९९३. वैशाख महिना, ऊन ऐन भरात. निलंग्याजवळच्या माळावर माणिकप्पानं भट्टी पेटवली आणि मला भाजायला घातलं. मी चुन्याचा खडा. त्याआधी ओढ्याकाठची साधी चुनखडी होतो. माझ्यावर शेळ्या बसायच्या, एवढीच माझी ओळख.

लोकांना वाटतं, दगड आगीत तापतो आणि बाहेर काढला की निवतो. माझं तसं नाही. तापणं वेगळं, धग पोटात घेणं वेगळं. भट्टी रात्रंदिवस जळत होती, बाभळीची लाकडं संपत होती आणि मी पीत होतो. माझ्यातला वायू निघून गेला. मी हलका झालो, पांढरा झालो. याला कळीचा चुना म्हणतात. निवल्यावर हाताला गार लागलो, पण धग गेली नव्हती. ती आत बसून पाण्याची वाट बघत होती.

अशा खड्याजवळ कोणी बसत नाही. पोरांना लांब ठेवतात. पाण्याचा तांब्या वळसा घालून नेतात. शेळ्याही पुन्हा आल्या नाहीत.

चाकूरचे आप्पासाहेब मास्तर पानाचे शौकीन. त्यांना चुना माणिकप्पाच्याच भट्टीचा लागायचा. खडे एकेक करून हातात तोलायचे. जड खडा म्हणजे कच्चा भाजलेला, तो बाजूला. मला त्यांनी निवडलं. आणखी मूठभर खडे घेतले, सोबत आणलेल्या पत्र्याच्या डब्यात भरले आणि झाकणाला मेण लावलं.

"माणिकप्पा, मी लग्नाला निघालोय. एस.टी.त कुणाचा तांब्या सांडला तर भडका व्हायचा. डबा ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. दसऱ्याला नेतो."

"ऱ्हाऊ द्या. तुमचाच हाय," माणिकप्पा म्हणाला. तो एवढंच बोलायचा. पण बोललेलं त्यानं कधी मोडलं नव्हतं, आणि हे साऱ्या माळाला ठाऊक होतं.

डबा भट्टीच्या शेडमधल्या फळीवर गेला. आत अंधार. पावसाळा मी नुसता ऐकला.

दसरा यायच्या आधीच जमीन हलली. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. माणिकप्पाच्या घराची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून घरातली माणसं वाचली. शेजारच्या गल्लीत तसं झालं नाही. मग पाऊस आला. शेडचं छप्पर बसलं आणि कळीचा सगळा ढीग भिजला. त्याला उकळ्या फुटल्या. वाफेचे लोट निघाले. एवढी धग आभाळाला गेली, कुणाच्या कामी आली नाही. कोरा राहिलो तो डब्यातला मी.

माणिकप्पाची लेक लता बाळंतपणाला माहेरी आलेली. त्याच पावसात, ताडपत्रीखाली, ती बाळंत झाली. दाईला निरोप गेला होता, पण ती पोचली नाही. शेजारणींनी निभावून नेलं. मुलगी झाली. आधी रडली, मग रडायची थांबली. अंग गार पडत चाललं.

माणसाचं अंगही भट्टीच असतं. भाकरी जाळतं, दूध जाळतं, फक्त धूर दिसत नाही. पण ती भट्टी पेटायला आधी थोडी ऊब लागते, आणि ओल्यात असलेली ऊबही निघून जाते. बाजेखाली शेगडी ठेवायची, तर सरपण भिजलेलं, गोवऱ्यांचा चिखल झालेला, काडीपेटीचा लगदा.

माणिकप्पा पडक्या शेडमध्ये आला. त्यानं डबा काढला, हातात धरला आणि तसाच उभा राहिला. उसनं मागायचं तर ते बोलून मागावं लागतं. न बोलता घेतलं की ती चोरी. पण मागायचं कुणाला? तो चाकूरकडं तोंड करून म्हणाला, "आप्पासाहेब, तुमची कळी उसनी घेतोय."

ऐकायला मी एकटाच होतो.

त्यानं मला पातेल्यात टाकलं, वरून बेतानं पाणी सोडलं, झाकण ठेवलं, झाकणावर धोंडा ठेवला आणि पातेलं बाजेखाली सारलं. वैशाखातली सगळी धग मी तिथं सोडली. तडकलो, फुटलो, उकळलो. वर बाज तापली, बाजेवरची वाकळ तापली. निवत आलो की तो दुसरा खडा टाकायचा. बऱ्याच वेळानं वरून बारीक आवाज आला. पोर अंगावर प्यायला लागली होती. आता तिची भट्टी तिची ती जळणार होती. मी लगदा होऊन पातेल्यात पडलो होतो. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, आणि बघावं असं काही उरलंही नव्हतं.

माणिकप्पानं तो लगदा खरवडून पुन्हा त्याच डब्यात भरला आणि डबा फळीवर ठेवला.

त्यानंतर सिमेंट आलं. नवी गावं सिमेंटची झाली, चुना कोण घेणार? भट्टीला भेग गेली होती, ती कुणी बुजवली नाही. झाकणाचं मेण तुटलेलं. फटीतून हवा यायची. तिच्यातून माझा गेलेला वायू ओढत ओढत मी पुन्हा दगड झालो. बोलायला कोणी नव्हतं. धग होती तेव्हा लोक भिऊन लांब राहायचे. आता भ्यायचंही कारण उरलं नव्हतं.

आप्पासाहेब मुलाकडं लातूरला राहायला गेले. डबा त्यांनी कधी मागितला नाही. म्हणून तर माणिकप्पाला तो जास्त जड झाला. लातूरची एस.टी. दिसली की तो तोंड फिरवायचा.

लताचं सासर देगलूरला. पोर मात्र शाळेला आजोळीच राहिली. तिचं नाव शिवांगी. दहावीला ती शेडमध्ये बसून मोठ्यानं वाचायची. धग घेते ती क्रिया उष्माग्राही. धग देते ती उष्मादायी. चुनखडी भाजणं पहिल्या प्रकारात, कळीत पाणी घालणं दुसऱ्या.

"दाई?" म्हातारा माणिकप्पा म्हणाला.

"दायी, आबा. देणारी."

"दाईच की. तुझ्या मायला तीच मिळाली व्हती."

शिवांगी हसली. तो हसला नाही. मग त्यानं फळीकडं बोट करून तिला सगळं सांगितलं. एका दमात इतकं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

२००९ च्या जूनमध्ये निकाल लागला. पोरीला लातूरला क्लासला घालायचं ठरलं. लतानं खोली शोधली. घर नेमकं आप्पासाहेबांचं निघालं. वरच्या खोल्या ते शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं द्यायचे. माणिकप्पा म्हणाला, त्यांचं उसनं आहे माझ्याकडं, ते फिटल्याबिगर त्या घरात पोर जायची नाही. दुसरी खोली मिळेना. लता चिडली.

"एवढ्याशा चुन्यापायी पोरीचं शिक्षण अडवून राहिलाव, आबा? बाजारात डबीभर मिळतो."

"बाजारचा बाजारात ऱ्हाऊ दे. पीठ घेतलं तर पीठ द्यायचं. कळी घेतली तर कळी."

त्या वर्षी पाऊस लांबला होता. म्हाताऱ्यानं एकट्यानं भट्टीची भेग चिखलानं लिंपली, लाकडं रचली आणि मला डब्यातून फोडून आत घातलं. मी पुन्हा प्यायला लागलो. तो तोंडाशी बसून होता. त्याचा घाम वाळायचा, वाळताना अंगातली थोडी धग घेऊन जायचा, म्हणून तो तिथं तग धरून होता. आम्ही दोघं. तो देत होता, मी घेत होतो. पुन्हा हलका झालो. पुन्हा पांढरा झालो.

लातूरच्या त्या घरासमोर मुलींच्या चपलांचा ढीग होता. शिवांगीला त्यानं पेटीसकट फाटकाबाहेर उभं केलं. उंबरा ओलांडायचा नाही, असं बजावलं. आप्पासाहेब आतल्या बाजेवर बसले होते. नजर कमी झालेली. माणिकप्पानं डबा पुढं ठेवला.

"तुमची कळी. भूकंपात उसनी घेतली व्हती. सांगून घेतली, पण तुम्ही हितं नव्हता."

आप्पासाहेबांनी डबा बोटांनी चाचपला. "म्हंजे सोळा वर्षं मी बाजारचा चुना खातोय तो तुझ्यामुळं."

"हाव."

त्यांनी मला उचललं आणि हातात तोललं. कुणाला तरी वाटीत पाणी आणायला सांगितलं आणि मला त्यात सोडलं. मी राखून काही ठेवलं नाही. वाटी त्यांच्या हातात होती. ती पोळेपर्यंत त्यांनी धरून ठेवली, मग खाली ठेवली.

"फिटलं," ते म्हणाले.

माणिकप्पानं फाटकाकडं बघून मान हलवली. शिवांगीनं पेटी उचलली.