उजवा कौल

माझे सासरे येसाजी, गुंद गावातल्या देवीचे पुजारी. ह्या माणसावर मी बापापेक्षा जास्त इस्वास ठेवला, आणि त्यांनीच केसानं माझा गळा कापला. व्हय, सांगतेच आता. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे!

माझी रक्षिता सहा वर्साची. तिला ऑटिझम हाय, हे बेळगावच्या डॉक्टरांनी मागंच सांगितलेलं. मिक्सर लावला की कान झाकणार, सुपाऱ्या रांगेत मांडत बसणार. पण चार शब्द बोलायची पोर. आज्जाला तर लांबनं हाक मारायची. पावसाळ्यात ते शब्द एकेक करून गेले. मधीच टक लावून बघत ऱ्हायची, हलवलं तरी भानावर यायची न्हाई. डॉक्टर फोनवर म्हणाले, "फिटचा प्रकार असू शकतो. झोपेत मेंदूच्या लहरी तपासायला पाहिजेत. लगेच घेऊन या."

मामंजी म्हणाले, "आधी देवीला इचारू." आमच्यात रीतच हाय. देवीच्या दोन्ही अंगाला पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. डावी पडली. दिवाळी झाल्यावर पुन्यांदा इचारलं, तवाबी डावीच. मी रडले, पण देवीम्होरं कोण बोलणार?

शिमग्याआधी परत कौल लावला. परत डावी! मामंजी भाईर गेले. मला वाटलं, उजवी पाकळी पोरीच्या केसात तरी घालावी, देवीचा आशीर्वाद म्हणून. काढाय गेले तर निघंना. ओढली, तर मागनं चिकट तार आली. फणसाचा चीक!

पाकळी धरून तशीच अंगणात आले. "मामंजी, हे काय?"

मामंजी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या नणंदेची, पूर्णिमाची सोयरीक खानापुरात ठरलिया. भाचीला फिट येतीया असं कळलं तर मोडतील गं. लगीन होऊ दे म्हटलं, मग उजवा दिला असता."

"तुमी दिला असता? मग देवीला कशाला, तुमालाच नारळ फोडतो की आमी!"

मी नवऱ्याकडं बघितलं. गुरुदास मान खाली घालून उभा. म्हंजे ह्यालाबी ठाऊक! मला तिथं कुणाचंच तोंड बघवंना. पोरीला कडेवर घेतलं आणि बेळगावची बस धरली.

दवाखान्यात रक्षिताच्या डोक्याला वायरी लावल्या. आधी लई आरडली, मग माझ्या मांडीवर झोपली. पडद्यावरच्या रेघा लागल्या वरखाली नाचायला. डॉक्टर त्या बघून म्हणाले,

"झोपेत सारखे झटके येतायत. हातपाय हलत नाहीत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. औषध सुरू करू. पण गेलेले शब्द परत येतील का, ते आता सांगता येणार नाही. पावसाळ्यातच सांगितलं होतं ना मी? इतके दिवस काय करत होता?"

मामंजींचं नाव जिभेवर आलं. परक्याम्होरं घरची अब्रू काढायला तोंड उघडंना, ह्याचाच मला संताप आला.

"देवीला इचारत हुतो," मी म्हटलं.

अडाणी बाईकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि औषध लिहायला घेतलं.